अर्धा तास ऊन

"जीभ दाखवा," मी म्हणाले.

भिकनबुवांनी जीभ बाहेर काढली. कोरडी होती, वर पांढरट थर. नाडी मिनिटाला छप्पन्न. डाव्या बरगडीखाली हात लावला तेव्हा त्यांनी श्वास रोखला.

शेजारी भिंतीला टेकून बसलेला उखा हसला. "बाई, जीभ बघून काय कळणार? पोट बघा. रिकामंच आहे, पटकन बघून होईल."

"गप रे सूर्यफुला," दारातून हवालदार खंडागळे म्हणाला. "बाई, हे बघा. आज सकाळचं." त्याने पायाने दाखवलं. भिंतीकडेने जर्मनच्या सात ताटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत दोन भाकऱ्या, घट्ट झालेलं वरण, मिरची. एकालाही हात लागलेला नव्हता. "दोन वेळा येतं, दोन वेळा जातं. चार दिवस झाले. माझी गाय मात्र मजेत आहे."

"का खात नाही तुम्ही?" मी भिकनबुवांना विचारलं.

"भेट झाली नाही, बाई."

"कोणाची?"

ते उत्तर देणार एवढ्यात खंडागळे म्हणाला, "माज आहे, दुसरं काय. तुम्ही लिहा बाई, मला कचेरीत कागद द्यायचाय."

मी लिहिलं. 'आरोपींना दोन वेळा पुरेसे अन्न दिले जाते. आरोपी ते स्वेच्छेने घेत नाहीत. पाणी घेतात. तूर्त जिवास धोका नाही.' चारही वाक्यं खरी होती. तारीख घातली, सही केली. डिसेंबर एकोणीसशे सहासष्ट. मी एकोणतीस वर्षांची होते, आणि करंजवणच्या सरकारी दवाखान्यात येऊन मला आठ महिने झाले होते.

या सात जणांना गावात सूर्यफुलं म्हणत. ते स्वतःला उदयी म्हणवत. चाळीस वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातल्या एका तेल्याला शेतात काही दर्शन झालं, त्याने देव्हारे, बळी, नवस सगळं सोडलं आणि त्याच्यामागे माणसं गेली. तापी नदीकाठी त्यांची साठ घरांची वस्ती होती. विहीर एक, कोठार एक, लग्नं आपसात. जत्रेला वर्गणी देत नसत आणि देवीला बोकड देत नसत. गावाला हे दोन्ही सहन होत नव्हतं. त्या वर्षी जत्रेत पालखी मुद्दाम त्यांच्या वस्तीतून नेली गेली. आधी शिव्या, मग दगड, मग आग. साठपैकी एक्केचाळीस घरं जळाली. बायका-पोरं नदीपलीकडे गेली. अटक झाली ती वस्तीतल्या सात पुरुषांना. पालखी उचलणाऱ्या एका भोयाचं डोकं फुटलं होतं. त्याला टाके मीच घातले होते.

तालुक्याचा तुरुंग म्हणजे कचेरीच्या मागच्या बाजूची एक लांब कोठडी, पुढे छपराचा बोळ आणि त्यापुढे भिंतीने वेढलेलं अंगण. तुरुंगावर अधिकार मामलेदारांचा. मामलेदार पारखी पन्नाशीचे, मृदू बोलणारे, वाचणारे. माझ्याकडे येणारी विज्ञानाची मासिकं ते मागून नेत आणि वेळेवर परत करत. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मला दर बुधवारी आणि रविवारी जेवायला बोलावत. त्या गावात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं घर तेवढंच होतं.

"तुमचा कागद वाचला," त्या बुधवारी पारखी म्हणाले. "बाई, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आमच्या कारकुनांना तुमच्याकडे शिकायला पाठवायला हवं."

सुशीलाबाईंनी माझ्या खिचडीवर तूप वाढलं. "अहो, तिला जेवू द्या आधी."

मला बरं वाटलं, हे मी नाकारत नाही.

कौतिक दवाखान्यात आली ती त्यानंतर दोन दिवसांनी. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता आणि जखम चिघळली होती. नदीपलीकडून ती रोज चालत यायची, कचेरीसमोर चिंचेखाली फडक्यात भाकरी घेऊन दिवसभर बसायची आणि संध्याकाळी ती भाकरी परत घेऊन जायची. भिकनबुवांची ती मुलगी.

मी जखम धुतली. ती वळून माझ्याकडे बघत होती.

"दुखतंय का?"

"दुखतंय. तुम्ही धुवा." मग म्हणाली, "बाई, तुम्ही आत जाता ना? आमच्या लोकांना बाहेर कधी काढतात, तेवढं बघा."

"रोज काढतात. रजिस्टरात आहे. अर्धा तास."

"कधी काढतात, म्हणते मी."

मला कळलं नाही. तिने मला एखाद्या मुलीला समजावावं तसं सांगितलं. "आमच्यात सकाळी पहिला घास घ्यायच्या आधी उघड्यावर जायचं असतं. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर ऊन. दोन शब्द बोलायचे. ती भेट. भेट नाही तर घास नाही. बाळंतिणीला सुद्धा खाटेवरून उचलून नेतो आम्ही. पहिले तीन दिवस त्यांना सकाळी अंगणात काढत होते. तेव्हा जेवले सगळे. मी दिलेली भाकरी जेवले. मग बंद झालं."

मी पट्टी बांधली आणि दुपारी तुरुंगात गेले. रजिस्टर मागितलं. 'आरोपींस अंगणात फिरविले' या रकान्यात रोज अर्ध्या तासाची नोंद होती, खाली सही. वेळेचा रकाना बारीक अक्षरात होता. सायंकाळी साडेसहा ते सात.

डिसेंबरात करंजवणला सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो.

"सकाळी का नाही?" मी खंडागळेला विचारलं.

"सकाळी बाजार असतो बाई. भिंतीवरून कोणी दगड टाकला तर? त्यांच्याच जिवासाठी."

"दगड आला का कधी?"

"येईल ना." मग त्याला राहवलं नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? मी दोन दांडके घालून मोकळा झालो असतो. ही डोक्याची कामं आपली नाहीत. साहेबांनी सांगितलं, नियमाप्रमाणे अर्धा तास बाहेर काढायचं, फक्त दिवे लागल्यावर. आणि रोज संध्याकाळी हा कागद दाखवायचा." त्याने टेबलाच्या खणातून टंकलेला कागद काढला. आम्ही सात जण आमच्या कुटुंबांसह हा तालुका कायमचा सोडून जात आहोत, असा मजकूर होता. खाली सात रिकाम्या जागा. "सही करा, उद्या सकाळी ऊन. एवढंच म्हणायचं. बोटसुद्धा लावायचं नाही कोणाला."

"कोणी केली सही?"

"तो उखा परवा हात पुढे करत होता. म्हाताऱ्याने नुसतं बघितलं त्याच्याकडे. पोरगं रडलं आणि झोपलं."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून ग्लुकोजच्या बाटल्या घेऊन गेले. सातवा दिवस होता. भिकनबुवा आता बसत नव्हते. नाडी बेचाळीस, मधूनच एखादा ठोका चुकत होता.

"हे तोंडाने घ्यायचं नाही," मी म्हणाले. "सुईने."

"सुईतून गेलं तरी पोटातच ना?"

"पोटात नाही. रक्तात."

"मग रक्ताला विचारायला लागेल," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. बाकीचेही हसले. आपसात ते अहिराणीत काहीतरी बोलले, पुन्हा हसले. सात दिवस उपाशी माणसं हसतात तेव्हा आवाज फार कमी येतो.

माझ्या पेटीत घसा तपासायचा कपाळावर बांधायचा आरसा होता. मी तो घेऊन अंगणात गेले. ऊन होतं. थोडा कोन बदलून मी ते बोळातून कोठडीत पाठवलं. आत समोरच्या भिंतीवर रुपयाएवढा, मग ताटलीएवढा उजेड पडला. आरसा खुंटीला टेकवून मी आत आले तेव्हा भिकनबुवांना दोघांनी धरून भिंतीशी नेलं होतं. त्यांनी तळहात त्या उजेडात धरला होता.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"तेच आहे," मी म्हणाले. "तेच ऊन. फक्त वळवलंय. त्यात काहीही कमी होत नाही."

"खरं आहे बाई. पण हे इथं आलंय. भेटायला आपण जायचं असतं."

उखाने त्या उजेडाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बुवा," मी म्हणाले, "असेच राहिलात तर चार-पाच दिवस. फार तर."

"तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला माहीत." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही सांगून बघा ना कोणाला."

मी तिथून थेट पारखींच्या खोलीत गेले. ते दुपारचा चहा घेत होते. माझ्यासाठी दुसरा कप मागवला.

"मी त्यांना हात लावलेला नाही," सगळं ऐकून ते म्हणाले. "त्यांना अन्न मिळतं, पाणी मिळतं, हवा मिळते. तुम्हीच लिहून दिलंय. ते खात नाहीत हा त्यांचा निर्णय."

"भिकनबुवा वाचणार नाहीत."

"मग त्यांना खायला सांगा." त्यांनी कप बशीत ठेवला. "बाई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात. छपराखाली भाकरी खाल्ली तर काय होतं? काही नाही. एकाने खाल्ली की बाकीचे खातील, आणि सगळ्यांच्या लक्षात येईल की आकाश पडलं नाही. पंथ संपला. गोळी नाही, लाठी नाही. नाहीतर निवडणूक दोन महिन्यांवर आहे, गाव पुन्हा नदीकडे जाईल, आणि या वेळी एक्केचाळीस घरांवर थांबणार नाही. हे तुम्ही थांबवणार का?"

त्यांच्या बोलण्यात चूक कुठे आहे हे मला त्या खोलीत सापडलं नाही.

"वैद्यकीय अधिकारी म्हणून तुम्हाला काही लिहायचं असेल तर अवश्य लिहा," ते म्हणाले. "मी वाचेन."

मी दवाखान्यात परत आले आणि लिहायला बसले. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे डॉक्टरने प्रकृतीसाठी एखादी गोष्ट आवश्यक आहे असं लिहिलं की ती द्यावी लागते. नाकारायची असेल तर कारणासह जिल्ह्याला कळवावं लागतं. हे मला माहीत होतं. पारखींनाही माहीत होतं. मी तीन मसुदे केले. चौथा पाकिटात घालून शिपायाबरोबर पाठवला.

संध्याकाळी कौतिक पट्टी बदलायला आली.

"लिहिलं का काही?"

"लिहिलं. सकाळच्या उन्हात अर्धा तास बाहेर काढायला लिहिलं."

तिने दोन्ही हात जोडले, भाजलेला सुद्धा. पट्टी अर्धी सुटली.

आठव्या दिवशी त्यांना सकाळी बाहेर काढलं नाही. खंडागळे म्हणाला, कागद साहेबांकडे आहे. तो रविवार होता. सुशीलाबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पारखींनी चंद्राच्या फोटोंबद्दल एका लेखातला उतारा वाचून दाखवला. मी दोन पोळ्या खाल्ल्या. कागदाचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. नवव्या आणि दहाव्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते.

अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊला शिपाई बोलवायला आला. मी पोहोचले तेव्हा भिकनबुवांची नाडी लागत नव्हती. मी घड्याळ बघून पूर्ण दोन मिनिटं छातीवर नळी धरून ठेवली. मग वेळ लिहिली.

पारखींनी मला खोलीत बोलावलं. पहिल्यांदाच त्यांनी चहा मागवला नाही.

"जिल्ह्याहून विचारणा येईल," ते म्हणाले. "घाबरू नका. तुमच्यावर काही येणार नाही, माझ्यावरही नाही. कागद व्यवस्थित आहेत." त्यांनी फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. वर माझं अक्षर होतं.

'आरोपी क्रमांक एक याची प्रकृती अशक्त आहे. शक्य असल्यास सर्व आरोपींना रोज सकाळी अर्धा तास उन्हात काढावे.'

खाली लाल शाईत, त्यांच्या देखण्या अक्षरात, 'सुरक्षिततेच्या दृष्टीने शक्य नाही.' सही. तारीख सातव्या दिवसाचीच.

"तुम्ही 'आवश्यक' लिहिलं असतंत तर मला अवघड झालं असतं," पारखी म्हणाले. ते मनापासून म्हणाले. "तुमच्यात तारतम्य आहे."

पहिल्या तीन मसुद्यांत 'आवश्यक' होतं. चौथ्यात मी ते काढलं होतं. ऊन न मिळाल्याने माणूस मरतो असं कुठल्याही पुस्तकात नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, हेही तितकंच खरं.

पंचनामा करायचा होता. कोठडीत अंधार, म्हणून प्रेत अंगणात आणायचं ठरलं. शिपाई हात लावायला तयार होईनात. खंडागळे म्हणाला, "त्यांचा माणूस आहे, त्यांनाच उचलू दे." दार उघडलं. सहा जणांनी भिकनबुवांना घोंगडीवर घेतलं आणि दोनदा थांबत, भिंतीचा आधार घेत, बोळातून बाहेर आणलं. ओळख पटवायला कौतिकला आत सोडलं होतं. ती फडकं घेऊनच आली होती.

दुपारचे बारा वाजत होते. त्यांनी घोंगडी खाली ठेवली, बुवांचं तोंड उघडं केलं आणि सहाही जण सरळ उभे राहायला बघू लागले. सूर्य डोक्यावर होता, त्यामुळे त्यांना माना वर कराव्या लागल्या. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. ओठ हलले. पंचनाम्याचा कारकून लिहायचा थांबला.

मग उखा म्हणाला, "कौतिकताई, भाकरी."

खंडागळेने पारखींकडे बघितलं. ते कचेरीच्या मागच्या दारात उभे होते. ते वळून आत गेले.

कौतिक वडिलांच्या पायाशी बसली आणि फडकं सोडलं. ती रडत होती आणि भाकरी मोडत होती.

"थोडंच," मी पुढे होऊन म्हणाले. "एकेक तुकडा. पाण्यात भिजवून. इतक्या दिवसांनी एकदम खाल्लं तर जिवावर बेतेल." माझा आवाज मला नेहमीसारखाच ऐकू आला.

"बाई सांगते तसं करा," ती त्यांना म्हणाली. प्रत्येकाच्या हातात तुकडा ठेवला, पण कोणी तोंडात घातला नाही. ती उठून माझ्यासमोर आली.

"बंद दार ज्याने उघडलं त्याचं नाव घेतो आम्ही, अशा वेळी. घासाच्या आधी. मग ते नाव राहतं." तिने नाक पुसलं. "तुम्ही लिहिलं म्हणून बाहेर आले ना हे. बुवाला उशीर झाला, पण हे सहा आले. सगळे तुम्हाला बाईच म्हणतात. तुमचं नाव काय?"

सहा जण तुकडे हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी नाव सांगितल्याशिवाय ते खाणार नव्हते. मी खरं काय ते सांगितलं असतं, तर ते कोणाचं नाव घेणार होते?

"मालिनी," मी म्हणाले.

त्यांनी ते एकत्र म्हटलं. कोरड्या घशाने, फार मोठ्याने नाही. मग त्यांनी खाल्लं. कौतिकने एक तुकडा माझ्याही हातात दिला आणि मी तो खाऊन संपेपर्यंत ती माझ्यासमोर उभी राहिली.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या कोर्टाने सहाही जणांना सोडलं. वस्ती तापीपलीकडे कायमची गेली. चौकशीत मला दोनच प्रश्न आले, अन्न दिलं जात होतं का आणि ते स्वेच्छेने नाकारलं का. मी दोन्हींना हो म्हणाले. मार्चमध्ये मी बदली मागून घेतली. सुशीलाबाईंनी निरोपाचं जेवण केलं. मी बरं नाही असं कळवलं. पुढे सात गावं झाली. कोणाच्या घरी वार लावून जेवले नाही.

मागच्या वर्षी नाशिकला माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. सकाळच्या पाळीला एक तरुण नर्स होती, ज्योत्स्ना. ती आली की आधी गच्चीवर जायची, मग खाली येऊन डबा उघडायची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं.

"आमच्यात असतं तसं आजी," ती माझा रक्तदाब घेत म्हणाली. "उन्हात उभं राहायचं, नावं घ्यायची, मग खायचं. दोन मिनिटांचं काम."

"कोणाची नावं?"

"आमचे मूळ पुरुष. मग भिकनबुवा, ते तुरुंगात गेले. मग मालिनी."

"ही कोण?"

"काय माहीत. असेल कोणी आमच्यातलीच." तिने पट्टा सोडला आणि आकडा तक्त्यावर लिहिला. तक्त्यावर माझं नाव आडनावाने होतं, श्रीमती देवस्थळे. "चांगली असणार. उगाच कोणाचं नाव इतकी वर्षं घेतील का?"

"रोज घेता?"

"रोज," ती म्हणाली. "ढग असले तरी."